संघटनेच्या तोंडून कोण बोलते?

हस्तांदोलनाचा विषय कट्ट्यावर इतका चघळून झाला आहे की तो पुन्हा निघू नये अशीच बहुतेकांची इच्छा होती. परंतु अप्पांनी ‘खेळात राजकारण आणू नये’ हे आपले आवडते वाक्य उच्चारले आणि त्याच दमात, २०२५ च्या आशिया चषकात दुबईत आपल्या क्रिकेट संघाने पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवला नाही तेच योग्य झाले, असेही सांगून टाकले. या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी श्वासही घेतला नव्हता, हे मीनाताईंच्या लगेच लक्षात आले. “अप्पा, तुम्हाला पटणाऱ्या राजकारणाला तुम्ही देशप्रेम म्हणता आणि न पटणाऱ्या देशप्रेमाला राजकारण म्हणता, एवढाच तुमचा सिद्धान्त आहे,” असे त्या म्हणाल्या.

अडचणीत आले की अप्पा मुद्द्याऐवजी आवाज वाढवतात. तो वाढवूनच त्यांनी विचारले, की ज्या गृहस्थांच्या हातून करंडक घ्यायचा होता ते पाकिस्तानचे गृहमंत्री, तिथल्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष आणि शिवाय आशियाई क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष असतील, तर राजकारण नेमके आणले कोणी? मुद्दा बिनतोड होता, आणि तो अप्पांकडून आल्यामुळे क्षणभर कोणालाच उत्तर सुचले नाही.

वकीलसाहेबांनी मग सवयीप्रमाणे वादाचा मुद्दा निश्चित करून मागितला. दोन देशांमधले वैर ही एक गोष्ट झाली. पण एकाच देशाचे नागरिक ज्या प्रश्नावर दुभंगलेले आहेत, त्यावर त्याच देशाच्या क्रीडासंघटनेने आपले वजन एका पारड्यात टाकावे काय, हा खरा प्रश्न आहे, असे म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला. मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेपुढे मांडणाऱ्या सल्लागार संस्थेला राज्यघटनेत स्थान द्यावे काय, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथे सार्वमत झाले. क्रिकेट, ऑस्ट्रेलियन फुटबॉल (हा तिथला हातानेही खेळायचा वेगळाच खेळ) आणि रग्बी लीग या खेळांच्या शिखर संघटनांनी त्याआधी जाहीरपणे ‘होय’ची बाजू घेतली होती. प्रत्यक्षात सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि सहापैकी एकाही राज्यात ‘होय’ला बहुमत मिळाले नाही.

“म्हणजे आपटलेच!” असे अप्पा इतक्या समाधानाने म्हणाले की जणू त्यांनीच शेवटचा गडी बाद केला होता.

मीनाताईंना ते समाधान मान्य नव्हते. २०१७ मध्ये समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर टपाली मतचाचणी झाली, तेव्हा याच ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघटनेने मुख्यालयावरील आपल्या बोधचिन्हाच्या जागी ‘होय’ झळकवले होते आणि त्या वेळी ६१.६ टक्के लोकांनी ‘होय’च म्हटले, याची त्यांनी आठवण करून दिली. “बाजू जिंकली म्हणून ती घेणे योग्य ठरत नाही आणि हरली म्हणून अयोग्यही ठरत नाही. आपल्या नावाने बोलण्याचा अधिकार सभासदांनी संघटनेला दिला होता काय, एवढेच मला विचारायचे आहे.”

मास्तरांनी यावर घेतलेला आक्षेप मला त्या संध्याकाळचा सर्वांत अवघड आक्षेप वाटला. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत मूळ रहिवाशांचे प्रमाण चार टक्क्यांच्याही आत असले तरी फुटबॉलच्या मैदानावर ते त्याहून कितीतरी अधिक आहे. ज्यांच्या खेळावर तिकिटे विकली जातात त्यांच्याच भवितव्याचा प्रश्न आला, की संघटनेने ‘आमचा काय संबंध’ म्हणावे काय, असे त्यांनी विचारले. मास्तर एरवी कमी बोलतात, त्यामुळे त्यांचे बोलणे वाया जात नाही.

मीनाताईंनी उत्तरादाखल ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू ॲडम गुड्सचे नाव घेतले. दोनदा सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवलेल्या आणि २०१४ मध्ये देशाचा वर्षातील मानकरी ठरलेल्या या मूळ रहिवासी खेळाडूच्या हाती चेंडू आला की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत, आणि हे एकदोन सामन्यांत नव्हे तर मैदानामागून मैदानात घडत राहिले. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्या पाठीशी आपण पुरेसे उभे राहिलो नाही, अशी संघटनेने माफी मागितली तेव्हा २०१९ उजाडले होते. “कुंपणाच्या आत, तुमच्या तिकिटावर आत आलेले लोक तुमच्याच खेळाडूला छळत होते, तेव्हा बाजू घ्यायची होती. तिथे सभासदांना विचारण्याचीही गरज नव्हती. तिथे जीभ रेटली नाही आणि राज्यघटनेवर मात्र ती सुटली, हे मला मानवत नाही.” मास्तरांनी मान हलवली, ती होकारार्थी होती की नाही, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

एवढ्यात अप्पांना दक्षिण आफ्रिका आठवली. १९७४ मध्ये भारताने टेनिसच्या डेव्हिस चषकाची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढत वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सोडून दिली, चषक हातचा घालवला, आणि हा आपल्या क्रीडा इतिहासातला अत्यंत अभिमानाचा क्षण आहे, असे त्यांनी ठणकावले. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्या माणसाला हा अभिमान कसा परवडतो, हे विचारण्याचेही श्रम आता कोणी घेतले नाहीत.

तिथला फरक मीनाताईंनी स्पष्ट केला. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा पण गोरा नसल्यामुळे इंग्लंडकडून खेळणाऱ्या बॅझिल डॉलिव्हिएराने १९६८ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर १५८ धावा केल्या, तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला आधी वगळण्यात आले. दुसरा खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याची निवड झाली, तेव्हा तिथल्या पंतप्रधानांनी तो संघच नाकारला. ज्या देशात संघात कोण खेळणार हेच कातडीच्या रंगावरून ठरते, तिथे क्रीडासंघटनेला गप्प राहण्याची सोयच उरत नाही, कारण तो प्रश्न मुळात तिच्याच मैदानातला असतो.

वकीलसाहेब मात्र एवढ्याने सोडणारे नव्हते. संघटनेची भूमिका न्याय्य असली तरी ती खेळाडूंवर लादता येते काय, असे विचारून त्यांनी २०२१ च्या टी-२० विश्वचषकातील दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू क्विंटन डी कॉक याचे प्रकरण काढले. वर्णभेदाविरुद्धच्या कृतीत कोणी गुडघा टेकत होता, कोणी मूठ उंचावत होता, तर कोणी नुसताच उभा राहत होता. तेव्हा सर्वांनी गुडघा टेकलाच पाहिजे, असा आदेश दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने काढला आणि डी कॉक त्या दिवशीच्या सामन्यातून बाहेर पडला. पुढे त्याने माफी मागून गुडघाही टेकला. आपल्याच कुटुंबात वेगवेगळ्या वर्णांची माणसे आहेत असे सांगणाऱ्या खेळाडूची तक्रार त्या कृतीबद्दल नव्हती, ती हुकमाबद्दल होती. उलट २०२३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज उस्मान ख्वाजाने गाझातील युद्धाच्या काळात बुटांवर ‘सर्वांचे जीव समान आहेत’ असे स्वतःहून लिहिले, तर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला परवानगी दिली नाही आणि पुढे दंडावर बांधलेल्या काळ्या फितीबद्दल ताकीदही दिली.

“म्हणजे संघटना बोलली तर ती सामाजिक बांधिलकी आणि खेळाडू बोलला तर तो शिस्तभंग,” असे मीनाताई म्हणाल्या. माझ्या मते वाद इथेच संपला होता. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाला निलंबित करणारी हीच परिषद आहे, अशी पुस्ती वकीलसाहेबांनी जोडली. सरकारने आमच्या घरात येऊ नये असा नियम करणाऱ्यांनी मतदाराच्या घरात शिरताना निदान दार तरी वाजवावे, असे त्यांचे म्हणणे पडले.

वाद थांबला असता. परंतु सभासदांना न विचारता कोणी ठराव करतच नाही, असे अप्पा बोलून गेले आणि मास्तर जागचे हलले. अप्पा कॅरम मंडळाचे चिटणीस असताना स्थानिक निवडणुकीत त्यांनी एका उमेदवाराला ‘मंडळाच्या सर्व सभासदांचा एकमुखी पाठिंबा’ जाहीर करून पत्रक वाटले होते. त्याच निवडणुकीत त्या उमेदवाराविरुद्ध स्वतः मास्तर उभे होते, आणि ते मंडळाचे आजीव सभासद होते.

“स्वतःच्या पराभवासाठी एकमुखाने आवाहन केलेला दुसरा उमेदवार मी तरी पाहिलेला नाही,” असे मास्तर अत्यंत गंभीरपणे म्हणाले. ठराव रीतसर सभेत झाला होता, असे अप्पांनी निक्षून सांगितले. सभेला किती जण होते या प्रश्नावर, आपण आणि उपचिटणीस, असे उत्तर आले, आणि उपचिटणीस म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ हे सर्वांनाच ठाऊक होते. हसण्याचा भर ओसरल्यावर वकीलसाहेबांनी दावा मुदतबाह्य ठरवला, मात्र मंडळाला दुरुस्तीपत्रक काढता येईल असा निवाडा दिला. अप्पा उदारपणे म्हणाले, की ते उद्याच लिहून सर्व सभासदांच्या वतीने सही करून टाकतो.