प्लॅस्टिकचा सॅक्स उन्हात वितळत नाही, भो

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या आम्हा बँडवाल्यांच्या ग्रुपवर सुपाऱ्यांच्या तारखा फिरू लागतात. यंदा तारखांच्या आधी एक मेसेज फिरला. चार दिवसांत तो मला अकरा जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "प्लॅस्टिकचे सॅक्सोफोन आले आहेत, फसू नका. सॅक्सोफोन हे पितळी वाद्य आहे, पितळेचा आवाज प्लॅस्टिकला येत नाही. एकाही मोठ्या कलाकारानं ते हातात धरलेलं नाही. खानदेशच्या उन्हात भर वरातीत वितळेल. आत थुंकी साचून रोग होतात. निव्वळ खेळणं आहे. पुढे पाठवा."

मी पुढे पाठवला नाही. वीस वर्षं गळ्यात पितळी आल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, अडकवून नवरदेवाच्या घोड्यापुढे चाललोय, आणि गेल्या हिवाळ्यात भाच्यानं आणलेला प्लॅस्टिकचा आल्टो दोन महिने वाजवलाय. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलं दुसरं काम केलेलं दिसत नाही. प्लॅस्टिकचा सॅक्स घेऊ नका, हा त्याचा सल्ला बँडवाल्यापुरता मलाही पटतो. पण त्यानं दिलेलं एकही कारण धड नाही.

"पितळी वाद्य आहे" इथपासूनच गडबड आहे. पितळेचं असणं वेगळं आणि पितळी वाद्यांच्या घराण्यातलं असणं वेगळं. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठ थरथरतात, तिथं आवाजाचा जन्म होतो. सॅक्समध्ये थरथरते ती रीड, म्हणजे बोरूसारख्या गवताच्या काडीची पातळ पट्टी. त्यामुळे बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य जगभर क्लॅरिनेटच्या पंगतीत, लाकडी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांत बसतं. अंग पितळेचं आणि जात लाकडाची! आणखी गंमत म्हणजे पितळेचा अभिमान सांगणारा आमचा प्रत्येक गडी जो माउथपीस तोंडात धरतो, तो बहुतेक वेळा एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा असतो, नाहीतर चक्क प्लॅस्टिकचा. आवाजाची जात जिथं ठरते तिथं रबर चालतं, आणि पुढच्या नळीला मात्र पितळच हवं?

आता आवाजाचं बघू. सॅक्समध्ये वाजते ती नळीच्या आतली हवा. नळी म्हणजे त्या हवेला आकार देणारं भांडं. मानेजवळ अरुंद आणि पुढच्या उघड्या टोकाकडे रुंद होत जाणारा शंकूचा आकार, भोकांच्या जागा, त्यांच्या कडा आणि त्यांवर बसणारे पॅड, म्हणजे किल्ल्यांखालच्या गाद्या, एवढ्यावर बहुतेक सगळं ठरतं. भिंत कशाची आहे याचा वाटा फार थोडा. जॉन कोल्टमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं आतून हुबेहूब सारख्या बासऱ्या करून घेतल्या. एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. १९७१ मध्ये हा प्रयोग छापून आला. बासरी म्हणजे सॅक्स नव्हे हे मान्य, पण आतल्या हवेचा न्याय दोघांना एकच.

आमच्या ओसरीवर आम्हीही थोडा पोरखेळ केला. मी दाराआड उभा राहिलो, माउथपीस तोच, रीड तीच, फक्त सॅक्स बदलत गेलो. बाहेर बँडमास्तर, क्लॅरिनेटवाला आणि ट्रम्पेटवाला. सहा वेळा वाजवलं. मास्तर तीनदा बरोबर, तीनदा चूक, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. ट्रम्पेटवाला मात्र सहाच्या सहा वेळा बरोबर! आम्ही थक्क. चहा झाल्यावर कबूल झाला की तो सूर ऐकतच नव्हता, प्लॅस्टिकच्या सॅक्सच्या किल्ल्यांची खडखड ऐकत होता. वाजवताना फरक कुठं लागतो, तर तो बोटांना. किल्ली दाबली की पितळी सॅक्ससारखी पटकन, ठामपणे बसत नाही. आणि पॅड नीट बसला नाही की खालचे सूर फाटतात. ते पितळेतही होतंच. बेसूर वाजणारे पितळी सॅक्स मी इतके ऐकलेत की विचारू नका. बारीक कागदाची पट्टी पॅडखाली धरून ओढून बघा, दोषी सापडतो.

मोठ्या कलाकारांचं म्हणाल तर मनोहारी सिंग आणि कद्री गोपालनाथ ही आपली मोठी नावं धातूच्या सॅक्सवरच वाजवत, हे खरं. पण "एकाही" हा शब्द मेसेजवाल्यानं फार सढळ हातानं वापरलाय. लंडनमध्ये राहणाऱ्या हेक्टर सोमारुगा या इटालियन माणसानं ग्राफ्टन नावाचा ऍक्रिलिकचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा, आल्टो काढला. १९५० मध्ये तो विकायला आला, किंमत ५५ गिनी (जुनं इंग्रजी चलन), पितळी सॅक्सच्या साधारण निम्मी. अंग दुधाळ पांढरं, किल्ल्या सोनेरी धातूच्या. १५ मे १९५३ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर या अमेरिकन जॅझ सॅक्सवादकानं तोच ग्राफ्टन वाजवला. शेजारी डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच. जॅझच्या इतिहासातली ही गाजलेली मैफल. पार्करचा तो सॅक्स १९९४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला आणि आता कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. ऑर्नेट कोलमन या दुसऱ्या जॅझ सॅक्सवादकाकडे चांगल्या पितळी वाद्याचे पैसे नव्हते म्हणून त्यानं १९५४ मध्ये ग्राफ्टन घेतला, आणि पुढे जॅझची दिशा बदलणारं त्याचं १९५९ चं ध्वनिमुद्रण त्याच प्लॅस्टिकवर झालं. पैसे नाहीत म्हणून घेतला, हे वाचून आमच्या बँडमधल्या निम्म्या पोरांना तो आपलाच वाटेल.

उन्हाचा मुद्दा वाचून तर मला हसूच आलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ऍक्रिलिक मऊ पडायला शंभराच्या आसपास अंश लागतात, पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या कडक प्लॅस्टिकला १४० च्या पुढे. एवढ्या उन्हात सॅक्सच्या आधी सॅक्सवाला जाईल. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ठिबकच्या प्लॅस्टिक नळ्या उन्हाळे काढतात आणि आपण जळगाव जिल्ह्यातली माणसं प्लॅस्टिक उन्हात वितळतं म्हणून मेसेज पाठवतो! उलट उन्हाचा खरा त्रास पितळेला. चामड्याचे पॅड पूर्वापार लाखेनं चिकटवतात. बंद जीपमध्ये दुपारभर सॅक्स ठेवा, लाख मऊ होते आणि पॅड जागचा हलतो. शिवाय अंग इतकं तापतं की हाताला चटका. एक गोष्ट दोघांनाही सारखी लागू: गरम हवेत आवाज वेगानं धावतो, २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. म्हणून वाद्य चढं बोलतं, सूर ठरल्यापेक्षा उंच लागतो. फुंकीची हवा मुळात गरम असल्यानं प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण कीबोर्डचा सूर जागचा हलत नाही आणि सॅक्सचा चढतो, एवढं भर दुपारच्या वरातीत कानाला कळतं. मग शिव्या वाद्याला.

थुंकीचं एका वाक्यात सांगतो. ओल दोन्हींत साचते, दोन्हींत फडका ओढावा लागतो, आणि चामड्याचा पॅड ती ओल पितो, सिलिकॉनचा पीत नाही.

राहिलं "खेळणं". पितळी आल्टो अडीच किलोच्या आसपास भरतो. थायलंडचा व्हायब्रॅटो नावाचा पॉलिकार्बोनेटचा आल्टो एक किलोच्या आत. देवळापासून मांडवापर्यंत तीन तास मान वाकवून चालणाऱ्याला विचारा, दीड किलो म्हणजे काय. शिकणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला तर मी हलकाच देईन.

मग बँडवाल्यानं का घेऊ नये? त्याचं उत्तर मेसेजमध्ये नाही, ते आमच्या बाजारपेठेतल्या एका बोळात आहे. तिथं भांड्यांना कल्हई करणारे एक मामा बसतात. वरातीत धक्का लागून माझ्या सॅक्सला पोचा पडला, तो त्यांनी आतून लाकडी गोळा फिरवून काढला. किल्लीचा दांडा तुटला, त्यांनी डाग दिला आणि संध्याकाळची सुपारी मी वाजवली. स्प्रिंग तुटली तर आम्ही रबरबँड लावून लग्न काढतो. पितळ वाकतं, पण परत येतं. ग्राफ्टनही याच ठिकाणी मार खाऊन गेला. अंगाला तडा गेला की उपाय नाही, स्प्रिंगांची रचना नेहमीपेक्षा वेगळी, दुरुस्ती करणारे कंटाळले, आणि साठचं दशक सरता सरता त्याचं उत्पादन थांबलं.

भाच्याच्या सॅक्सची खालच्या साची किल्ली फेब्रुवारीत तुटली. मोटारसायकलवरून उतरताना, हातभर उंचीवरून पडून. मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी तुकडा उन्हात धरला, वास घेतला, परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हाई मना हातनं काम नही, भो." चिकटपट्टी लावून पाहिली, दोन दिवस टिकली. भाचा अजून तोच सॅक्स वाजवतो. खालचा सा सोडून बाकी सगळे सूर लागतात, त्यामुळे गाणी निवडून घेतो.