पाको दे लुसिया आणि वेगाचं कौतुक

पाको दे लुसिया, फ्लामेंको या दक्षिण स्पेनच्या संगीतातला गिटारवादक. त्याचं नाव काढलं की लोक हमखास एकच रेकॉर्ड पुढे करतात. डिसेंबर 1980, सॅन फ्रान्सिस्को, तीन गिटारी: पाको, अल दि मेओला आणि जॉन मॅकलॉफ्लिन. (हाच तो, आपल्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' या गटात वाजवायचा तो.) वेगवान सवाल-जवाब रंगतात, लोक आरडाओरडा करतात. भारी आहेच ते! पण पाको समजून घ्यायला तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तयारीबद्दल शंकाच नाही. जन्म 1947 चा, दक्षिण स्पेनमधल्या अल्हेसिरास या बंदराच्या गावातला. घरची गरिबी. वडील दिवसा मिळेल ते काम करायचे आणि रात्री गिटार वाजवून चार पैसे मिळवायचे. त्यांनी पोराला शाळेतून काढलं आणि रियाजाला बसवलं, तास न् तास. लहानपणीच हेरेसच्या फ्लामेंको स्पर्धेत बक्षीस, मग पोरवयातच एका नृत्यपथकाबरोबर अमेरिका. तिथे साबिकास या बुजुर्ग वादकाने त्याला ऐकलं. पाको तेव्हा निन्यो रिकार्दो या जुन्या गिटारवादकाच्या वळणाचं वाजवायचा. साबिकासने सांगितलं, स्वतःचं वाजव.

त्याला स्वतःचं सापडलं ते मात्र एका गायकाच्या शेजारी बसून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कामारोन दे ला इस्ला. 1969 ते 1977 या काळात दोघांच्या नऊ रेकॉर्ड आल्या. फ्लामेंकोत मान गाण्याचा, गिटार मुळात साथीची. सोलेआ या फ्लामेंकोतल्या प्रकाराच्या बारा मात्रांत जोर येतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. एकतालाच्या सवयीने टाळी द्यायला गेलात तर पार गोंधळाल. त्यात गायक ओळ कुठे ताणेल, कुठे सोडेल याचा नेम नाही. वादकाने लय धरून थांबायचं, दोन ओळींच्या मधे मिळेल तेवढ्या जागेत आपलं सांगायचं आणि गाणं सुरू होताच बाजूला व्हायचं. पाको हे असं करतो की ऐकत राहावं. ज्याच्या हातात एवढा वेग आहे तो माणूस तो वापरतच नाही! पाकोला मुळात गायकच व्हायचं होतं, असं तो मुलाखतींतून सांगायचा. ऐकताना ते पटतं.

आपल्याकडेही टाळ्या द्रुत तिहायांना पडतात आणि ठेका धरून बसणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. असो.

पुढचं बऱ्यापैकी ठाऊक असतं. 1973 ची 'एन्त्रे दोस आग्वास' ही रुम्बा ढंगाची रचना तुफान चालली, 1975 मध्ये माद्रिदच्या तेआत्रो रेआल या नाट्यगृहात कार्यक्रम झाला. मग बास गिटार आली, बासरी आली, पेरूमधून काहोन हे हाताने वाजवायचं तालवाद्य आलं. सोवळेवाले चिडले. गंमत म्हणजे आज काहोनशिवाय फ्लामेंकोचा कार्यक्रम क्वचितच दिसतो, आणि ही लाकडी पेटी मूळची स्पेनचीच असं लोक खुशाल समजतात.

2014 मध्ये मेक्सिकोत तो गेला. त्यानंतर त्याचा शेवटचा अल्बम आला, 'कान्सिओन आंदालुसा'. त्यात काय, तर लहानपणी कानावर पडलेली जुनी स्पॅनिश गाणी, बरीचशी गिटारवर वाजवलेली. आधी तो ऐका, मग कामारोनबरोबरच्या रेकॉर्ड. सॅन फ्रान्सिस्को काय, नंतर कधीही ऐकता येईल.