कोड क्लिअर केला म्हणजे गाडी स्वच्छ झाली असं होत नाही

पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "पीयूसीला जाण्याआधी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावा आणि चेक इंजिनचा कोड क्लिअर करा. स्कॅनर नसेल तर थोडा वेळ बॅटरीची वायर काढून ठेवा. मग दहा मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवा. कोड शून्य दिसले की गाडी प्रदूषणात फिट, पीयूसी पास आणि मेकॅनिकचा खर्च वाचला." ओबीडी म्हणजे गाडीतली स्वतःचे बिघाड ओळखणारी यंत्रणा आणि कोड म्हणजे तिने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक. या सल्ल्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्यातली काही तर गाडीचं आणि हवेचं थेट नुकसान करणारी आहेत.

आधी पीयूसीचं बघू. आपल्याकडचं पीयूसी केंद्र ओबीडी सॉकेटला हातही लावत नाही. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून वायू मोजतात. बीएस-४ (प्रदूषणाचे सरकारी निकष) आणि त्यापुढच्या चारचाकीला आयडलवर, म्हणजे जागेवर चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास नेलं की कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलाय की नाही, हे त्या यंत्राला कळत नाही. कोड क्लिअर करून वायू बदलत नाही. उलट बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) शिकून ठेवलेल्या इंधनाच्या प्रमाणाच्या दुरुस्त्याही जातात, त्यामुळे काही काळ आकडे बिघडूही शकतात.

हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत तपासणी ओबीडीवरूनच होते. पण तिथेही ही युक्ती चालत नाही. २००१ नंतरच्या पेट्रोल गाडीत एकापेक्षा जास्त मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच घ्यायच्या चाचण्या, अपूर्ण दिसले, तर सर्वसाधारणपणे तपासणी न करताच गाडी परत पाठवतात.

आता मुख्य मुद्दा: "कोड शून्य म्हणजे फिट." भारतात ओबीडी २०१०च्या एप्रिलपासून आणि ओबीडी-२ २०१३च्या एप्रिलपासून लागू झालं. २०१०ला बीएस-४ आधी ज्या १३ शहरांत आलं, त्यांत पुणेही होतं. तेव्हापासूनच्या गाड्यांचा ईसीयू स्वतःच्याच चाचण्या घेत असतो. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), इंधन यंत्रणा आणि सेन्सरांच्या वायरिंगवर त्याचं लक्ष सतत असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) यांच्या चाचण्या मात्र ठरावीक परिस्थिती जुळली तरच होतात. त्या पुऱ्या झाल्या की नाही, हे स्कॅनरच्या ॲपमधलं 'रेडिनेस' नावाचं पान दाखवतं.

क्लिअरचं बटण दाबलं की कोड जातो, बिघाडाच्या क्षणी साठवलेली वेग-तापमानाची नोंद जाते आणि या सगळ्या चाचण्यांचे निकालही 'अपूर्ण'वर येतात. म्हणजे त्यानंतर दिसणारा शून्य हा निर्दोष असल्याचा दाखला नाही. परीक्षा रद्द झाली म्हणून गुणपत्रिका कोरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोड शून्य आणि मॉनिटर पूर्ण, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच काही म्हणता येतं. एखाद्या मॉनिटरपुढे 'लागू नाही' आलं तर घाबरू नका, ती चाचणी त्या मॉडेलमध्ये नाही एवढंच.

बॅटरीची वायर काढण्याने अनेक गाड्यांत हेच होतं, शिवाय पॉवर विंडो आणि आयडलच्या सेटिंगचा घोळ वेगळा.

दहा मिनिटं जागेवर गाडी चालू ठेवून हे मॉनिटर भरत नाहीत. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा, थोडं आयडल होऊ द्या, मग एकसारख्या वेगाने बराच वेळ चालवा आणि मधूनमधून ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप मंदावू द्या. ढोबळ पद्धत ही, तपशील कंपनीगणिक बदलतात. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत हे जमणं कठीण. पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्यातून सातारा रस्त्याला लागलात तर जमतं. कॅटॅलिटिकचा मॉनिटर तरीही चिवट, त्याला कधी कधी काही दिवसांचं नेहमीचं ड्रायव्हिंग लागतं.

आणि वाचलेला खर्च? मिसफायरचा कोड पुसून तशीच गाडी चालवली, की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. जो खर्च प्लग किंवा कॉइलवर भागला असता, तो कन्व्हर्टरवर जातो. दिवा लुकलुकत असेल तर तो नेमका हेच सांगत असतो, तेव्हा गाडी दामटू नये. मधल्या काळात तो धूर शाळेच्या रिक्षांतली मुलं आणि सिग्नलवर शेजारी थांबलेले दुचाकीवाले घेतात. मला याचा राग येतो तो यासाठी. दुरुस्ती खरी झाली असेल तर दिवा बहुतेक वेळा लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपणहून जातो, कोडही पुढे इंजिन सुमारे ४० वेळा तापून थंड झाल्यावर आपोआप पुसला जातो.

स्वस्त स्कॅनर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मॉनिटर वाचायला साधा ब्लूटूथ डोंगल बहुधा पुरतो. फक्त क्रम उलटा हवा: आधी कोड आणि त्याची नोंद लिहून घ्या, दुरुस्ती करा, मग क्लिअर करा, गाडी चालवा आणि मॉनिटर भरल्यावर पुन्हा बघा. काम झालं की डोंगल काढून ठेवा, कारण सॉकेटला बॅटरीचा प्रवाह कायम चालू असतो.

सेकंडहँड गाडी घेताना तर 'रेडिनेस'चं पान जरूर उघडा. बहुतेक गाड्यांत 'कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर' असा आकडा असतो. बिघाड नाही, पण अंतर १५ किलोमीटर आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण असतील, तर कोणीतरी नुकताच कोड तरी पुसलाय किंवा बॅटरी तरी काढली आहे. कारण विचारा, बॅटरी बदलल्याचं म्हणाले तर तिची पावती मागा, आणि मॉनिटर भरेपर्यंत टोकन देऊ नका.