खुलासा : पैलवानाचं रोजचं वजन जाहीर करण्याची सक्ती नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तालमींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘विनेश फोगाट प्रकरणानंतर प्रत्येक पैलवानाचं रोजचं वजन जाहीर करणं सक्तीचं झालंय.’ असा कोणताही नियम नाही.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन होतं ते लढतीच्या दिवशी सकाळी. एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात; वजन द्यायला पहिल्या दिवशी 30 मिनिटं मिळतात, दुसऱ्या दिवशी 15. लोकांना कळतो तो वजनगट. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश 50 किलो गटात दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, म्हणून तो आकडा बाहेर आला. आपल्या यात्रांतल्या मातीच्या मैदानात तर बहुतेक जोड्या काट्याविना, नजरेनंच लागतात.

रोजचा आकडा फसवा असतो. लिटरभर पाणी प्यायलं की काटा किलोभर वर. तो आकडा फळ्यावर लागला की पोरं लाजेपोटी पाणी तोडतात, जाड कपडे घालून पळतात. हे जिवावर बेततं : 1997 साली अमेरिकेत असं वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान दगावले.

वस्तादांनी वजन जरूर घ्यावं. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, लंगोटावर. काटा रोज तोच, आणि फरशीवर. मॅटवर ठेवला की चुकतो. नोंद वहीत करा आणि ती वही वस्ताद, पैलवान व घरच्यांपुरतीच ठेवा.