नंदिवर्धन बंद, प्रवरपूर चालू

कालचीच गोष्ट आहे, म्हणून डोकं अजून शांत नाही. तालुक्याला काम होतं, ते झालं नाही (साहेब मीटिंगमध्ये), मग बायको म्हणाली ते वाकाटकांच्या (आपल्या विदर्भातलं जुनं राजघराणं) राजधान्यांचं म्युझियम तरी पाहू. तिकिटं ४० ची, दिले १००, सुट्टे नाहीत म्हणून ६० रुपये 'जाताना घ्या'.

आत अंधार. वाकाटकांच्या ताम्रपटातली अक्षरं डोक्यावर बारकीशी चौकोनी पेटी घेऊन असतात, ती दिसावी म्हणून मी काचेजवळ वाकलो तर मागून शिट्टी! कबड्डीच्या पंचासारखी. सहलीची पोरं फिदीफिदी हसली. छप्पन वर्षांचा माणूस मी.

चौकीदार स्टुलावरून उठला सुद्धा नाही. "काच खराब होते जी."

"मग लाईट लावा ना."

"कोन्ती राजधानी पाह्यची तुमाले?"

"सगळ्या."

"सगळ्या एका वक्ती नाही लागत, एमसीबी पडते. पयले नंदिवर्धन पाहून घ्या, मंग ते बंद करून प्रवरपूर लावतो."

खरं सांगू, इतिहास इतका सोपा मला कोणत्याच मास्तरनं केला नव्हता. नंदिवर्धन म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन. नवरा गेल्यावर राणी प्रभावतीगुप्तानं तिथून कारभार पाहिला, पोरगा दुसरा प्रवरसेन मोठा झाला आणि त्यानं पुढे ते बंद करून प्रवरपूर लावलं. (हे प्रवरपूर पवनार की मनसर यावर विद्वान अजून भांडतात. पाटीवर दोन्ही नावं होती, पवनारवर बॉलपेननं फुली. मनसरवाल्याचंच काम, दुसरं कोण करणार.)

"आणि वत्सगुल्म?" बायकोनं विचारलं. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, तिचं माहेर.

"त्याची लाईन कूलरले देल्ली."

मी चिडलोच. "अहो पण ती शाखाच वेगळी होती, दोन्हीकडे एकाच वेळी राज्य चालू होतं!"

"तवा कूलर नव्हते ना जी."

यावर काय बोलणार. ज्या घराण्यातल्या हरिषेणाच्या प्रधानानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरून घेतलं त्या घराण्याला एक बल्ब नाही, आणि कूलरचं तोंड स्टुलाकडे! वीजबिल आपल्याच टॅक्समधून जात असणार, पण बोललं की आपणच भांडखोर. बायकोनं मोबाईलचा टॉर्च लावला, तर परत शिट्टी.

"फोटो मना हाय."

बाहेर आलो तर तिकीटवाला जेवायला गेलेला. अर्धा तास थांबलो, मग बस लागली. ६० रुपये तिथंच आहेत.