टर्बोची ताकद फुकट? हिशेब करून बघा

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर चालतो म्हणून ताकद फुकट, मायलेज वाढतंच, टर्बो मोठा तितका फायदा जास्त, आणि गाडी बंद करण्याआधी दर वेळी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा.

'फुकट'पासून सुरुवात करू. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे जाते, हे खरं. टर्बो त्या धुराने टर्बाइन, म्हणजे पात्यांचं एक चाक, फिरवतो आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबून भरतो. पण त्या वाटेत टर्बाइन बसवली की मागे दाब तुंबतो आणि पिस्टनला जळका वायू त्या दाबाविरुद्ध ढकलावा लागतो. शिवाय दाबलेली हवा तापते. ती थंड करणारा इंटरकूलर लावला तरी नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याची, भीती उरते, म्हणून कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) उतरवतात. मारुतीच्या टर्बो नसलेल्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनाचा १२:१, तर एक लिटर बूस्टरजेट टर्बोचा १०:१. रेशो उतरला की तेवढ्याच पेट्रोलमधून काम कमी निघतं.

आता मायलेज. ही दोन्ही इंजिनं मारुतीच्या फ्रॉन्क्स गाडीत मिळतात. मॅन्युअल गिअरमध्ये कंपनीचा आकडा १.२ साठी लिटरला २१.७९ किलोमीटर, टर्बोसाठी २१.५. वाढलं कुठे? टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मात्र ११३ वरून जवळपास १४८ न्यूटन मीटरवर जातो. पैसे मोजायचे तर त्यासाठी मोजा. तेवढ्याच ताकदीच्या, टर्बो नसलेल्या मोठ्या इंजिनाशी तुलना केली तर बचत दिसते, पण ती इंजिन लहान असल्याची: घर्षण कमी, आणि थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडी राहते. तीही पाय हलका असेल तरच. एक्सिलरेटर दाबून धरला की टर्बाइन जळू नये म्हणून बरीच इंजिनं जादा पेट्रोल फवारतात, निव्वळ थंडाव्यासाठी.

मोठ्या टर्बोचं गणित तर उलटंच. टर्बोच्या चाकाचा व्यास १० टक्के वाढवला की त्याचं जडत्व, म्हणजे वेग घ्यायला होणारा विरोध, दीडपटीहून जास्त होतं, कारण ते ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने चढतं. म्हणून एक्सिलरेटर दाबल्यावर ताकद उशिरा येते, हाच तो लॅग. लहान टर्बो चटकन उठतो, पण वरच्या आरपीएमला गुदमरतो. मग वेस्टगेट नावाची झडप उघडून तोच 'फुकटचा' धूर बाजूने सोडून द्यावा लागतो. व्हीजीटी, म्हणजे धुराच्या वाटेतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो, दोन्ही टोकं बऱ्यापैकी सांभाळतो आणि डिझेलमध्ये सर्रास असतो. पेट्रोलचा धूर हजार अंशांच्या आसपास जातो, तिथे टिकणारी पाती महाग पडतात. पोर्शने २००६ मध्ये ती ९११ टर्बोत बसवली. पोर्शच्या गिऱ्हाइकाला परवडतं.

राहिली ती दोन मिनिटं. घाट चढून लगेच ढाब्यावर थांबलात तर जरूर द्या, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपतं. सोसायटीच्या आवारात रांगत येऊन पार्क करताना काही गरज नाही.