दोष बाटलीत होता

२०२१ चा मे महिना. माजघरात अमृत कोकमच्या चाळीस बाटल्या भिंतीशी ओळीने लावून ठेवल्या होत्या. रात्री दोनच्या सुमाराला पहिलं झाकण उडालं. मग दुसरं. उजाडेपर्यंत अकरा बाटल्या फसफसून गेल्या होत्या आणि लादीवर लाल ओघळ पसरले होते. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, ओलं फडकं घेऊन पुसायला बसल्या. मी चुलीपाशी बसून एकच वाक्य मनात घोळवत होते, 'मला हे जमणारच नव्हतं.'

वाक्य जुनं होतं. सातवीत भाषण करताना मधेच विसरले, तेव्हा "बस खाली, तुझं काम नाही ते" असं सगळ्या वर्गासमोर ऐकलं. बचत गटाच्या बैठकीत हिशोब मला तोंडपाठ असायचा, तरी विचारलं की दुसरीकडे बोट दाखवायचे.

कोकम करायला घेतलं तेही हौसेने नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांसारखी आमचीही वाडी आडवी झाली. पोफळी गेल्या, माड गेले. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाताला यायला पाच-सहा वर्षं सहज जातात. तोवर खायचं काय? परड्यातली रतांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं तेवढी उभी होती.

त्या सकाळी शेजारच्या काकी आल्या. आयुष्यभर आमसुलं केलेली बाई. बाटली हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "बाटल्या धुतल्यावर पालथ्या घातलेल्यास काय गो?" नव्हत्या घातल्या. आभाळ भरून आलं होतं, घाईघाईत ओल्याच भरल्या. "आणि साखर?" अंदाजाने. एक किलो सालीला दोन किलो लागते हे ऐकून माहीत होतं, पण पैसे वाचावेत म्हणून हात आखडला होता. साखर कमी आणि वर पाण्याचा अंश, मग ते आंबणारच. काकी एवढंच म्हणाल्या, "मग फसफसणारच. उद्या परत कर."

या दोन प्रश्नांनी माझं डोकं जितकं स्वच्छ झालं तितकं कुठल्याही भाषणाने झालं नसतं. दोष ओल्या बाटलीत होता, साखरेच्या मापात होता. मी तो रात्रभर माझ्यात शोधत बसले होते. बाटली सुकवता येते, साखर मोजता येते. 'मी अशीच' याचं मात्र काय करणार? स्वतःवरची शंका हेच करते, दुरुस्त होणारी चूक उचलून आपल्या स्वभावावर नेऊन ठेवते. त्या दिवशी एक वही घातली. किती साली, किती साखर, किती दिवस ऊन, काय बिघडलं. 'मला जमत नाही' असं त्या वहीत लिहायचं नाही, का बिघडलं ते लिहायचं, हा माझा नियम.

पुढे लेकीने तिच्या मानसशास्त्राच्या अभ्यासातलं एक नाव सांगितलं, अल्बर्ट बांडुरा. 'हे मला करता येईल' असा विश्वास माणसात कुठून येतो, याची मांडणी त्यांनी १९७७ मध्ये केली. सगळ्यात पक्का विश्वास आपण स्वतः काही पार पाडलं की येतो. मग आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहून. कुणी धीर दिला तर त्याचाही उपयोग होतो, पण तो तेवढा टिकत नाही. धडधडणाऱ्या छातीचा अर्थ आपण काय लावतो, तेही त्यात आलं. मला लगेच आमसुलं आठवली. साल एकदा वाळवून आमसूल होत नाही. मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. चार-पाच पुटं बसली की ती काळी आणि मऊ होते. 'पॉझिटिव्ह राहा' असे सकाळचे मेसेज मीही वाचते. वाईट नाहीत ते, पण ते एक पुट झालं. बाकीची आपल्या हातानेच द्यावी लागतात.

आणि जमेल म्हणणं म्हणजे सगळंच जमेल म्हणणं नव्हे. ऑनलाइन विक्री भाचा बघतो, मी शिकतेय.

हे लिहावंसं वाटलं ते आपल्या मुलांमुळे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. तीच मुलं मुंबईच्या कॉलेजात गेली की मागच्या बाकावर बसतात, आपली बोली कुणी ऐकेल म्हणून प्रश्न विचारत नाहीत. खूप वाईट वाटतं मला याचं. त्यांना मी आपल्याच तालुक्यातल्या मुरुडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, तो सहावीच्या परीक्षेसाठी पायी घाट चढून साताऱ्याला गेला. वय सतरा, पण चण लहान. वय कमी दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. तसाच परत आला. पुढे कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाला. तेच धोंडो केशव कर्वे. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. स्वभावाने बुजराच होता तो मुलगा. साताऱ्याचा नकार त्याच्या चणीवरून आला होता, त्याने तो आपल्या बुद्धीवर घेतला नाही. त्या परतीच्या वाटेचा मी फार विचार करते. घाट उतरताना त्याच्या मनात काय चाललं असेल?

उद्या दापोलीत बचत गटांच्या बायकांसमोर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. छाती आत्तापासून धडधडतेय. बोलण्याचा कागद दोनदा लिहून झाला, काकींना वाचून दाखवला. मधे विसरले तर कागद बघेन. दाखवायला न्यायच्या सहा बाटल्या दुपारीच धुतल्या, ओटीवर पालथ्या घातल्या आहेत. सकाळी कोरड्या झाल्या की भरेन.